कोंबड्याच्या तळव्यातली गाठ काढताना

कोंबडा लंगडायला लागला की पहिली शंका पाय मोडल्याची येते. मीही आधी मांडीपासून नखापर्यंत हाड चाचपलं. दुखणं निघालं तळव्यात. पाय धुतल्यावर मधल्या गादीवर काळी, गोल, घट्ट खपली दिसली, भोवतीचा भाग गरम आणि फुगलेला. हा जंतुसंसर्ग असतो, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकसचा, आणि तो माणसाच्या जखमेतही शिरतो, म्हणून हातमोजे हवेतच. तळवा स्वच्छ आहे, पण कोंबडा एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहतो, असं असेल तर मॅरेक्सचा, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा, संशय घ्यावा; तिथे पुढचं काहीच कामाचं नाही.

त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि डोळे झाकले की धडपड थांबते. पण छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच त्याला श्वास घेता येतो.

कोमट पाण्यात लिटरला साधारण दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून पाय 15 मिनिटं बुडवला. हे पाणी पिऊ द्यायचं नाही, जुलाब होतात. पहिल्या दिवशी खपली हललीही नाही. तिसऱ्या दिवशी कडेने सुटली, तेव्हा चिमट्याने उचलली. कोंबड्याचा पू वाहत नाही, मेणासारखा घट्ट गोळा होतो. तो जेवढा सहज सुटला तेवढाच काढला. ‘मूळ’ सापडेपर्यंत कोरत बसण्याची चूक पुष्कळ जण करतात. बोटं वाकवणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या) तिथेच असतात, त्या दुखावल्या तर गाठ बरी होऊनही पाय कायमचा अधू राहतो. सूज घोट्याकडे चढली असेल तर पशुवैद्यच गाठावा. अँटिबायोटिक आणि मात्रा त्यांनीच ठरवायची. माणसांची बधिर करणारी मलमं मनाने लावू नयेत, पक्ष्यांना ती बाधू शकतात.

नंतर फिक्या चहाच्या रंगाइतकं विरळ पोव्हिडोन आयोडीन, त्यावर गॉजची घडी, आणि स्वतःलाच चिकटणारी पट्टी बोटांच्या मधून फिरवून दोन-तीन वेढे. पट्टी ताणून गुंडाळायची नाही. तासाभराने बोटं गार किंवा सुजलेली वाटली तर लगेच सोडायची. पहिला आठवडा रोज बदलली, पुढे दिवसाआड. ओली झाली की मात्र तेव्हाच, नाहीतर आत जखम भिजत राहते.

खरं काम खुराड्यात होतं. जड कोंबडा उंच दांडीवरून रोज उडी मारतो, तळवा ठेचतो, जंतू आत शिरतात. दांडी 40 सेंटिमीटरवर आणली, 5 सेंटिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली. खाली कोरडा भुसा 8-10 सेंटिमीटर. अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्यही बंद केलं: त्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, कोंबड्याला त्याची गरज नसते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

कोंबड्यांवर चढताना सगळा भार पायांवर येतो, म्हणून जाळीपलीकडे ठेवला, पण त्या दिसतील अशा जागी. फार दिवस नजरेआड राहिला तर परतल्यावर मारामारी ठरलेली.

पट्टी सुटल्यावरही दोन्ही तळवे आठवड्याला बघतो. महिनाभर चांगल्या पायावर जोर देऊन त्यातही गाठ धरू शकते.