थंडीतलं न्यू फॉरेस्ट: झाडीत चिखल, माळावर बर्फ

डिसेंबरात इंग्लंडमधे सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी चारला दिवस संपतो, त्यामुळे कुठे चालायला जायचं तर लवकर उठण्याला पर्याय नाही. आम्ही साउदम्प्टनहून ट्रेनने अ‍ॅशर्स्टला उतरलो आणि मॅटली वुडच्या बाजूने ब्यूली रोड स्टेशनपर्यंत चालत गेलो. हा सगळा न्यू फॉरेस्टचा भाग. नाव 'न्यू' असलं तरी विल्यम राजाने शिकारीसाठी हे राखून ठेवलं ते 1079 च्या सुमारास, आणि नॅशनल पार्क झालं थेट 2005 मधे!

आधी झाडी लागते. ओक आणि बीच ही झाडं या दिवसात पार उघडी पडलेली असतात, हिरवं काय ते खाली वाढलेलं हॉली, काटेरी पानांचं सदाहरित झुडूप. पानं नसली तरी इतक्या फांद्या डोक्यावर असतात की जमिनीची ऊब बरीचशी आतच राहते, त्यामुळे पायाखाली ओला पाचोळा आणि चिखल. मी म्हटलं हे काय, फ्रॉस्ट कुठेय? पण झाडं संपली, मोकळा माळ लागला आणि सगळं पांढरं! हीदर या माळावरच्या बुटक्या झुडपाच्या सुकलेल्या फुलांवर, ब्रॅकन नावाच्या नेच्याच्या तांबूस काड्यांवर, कोळ्याच्या जाळ्यांवर सुद्धा बर्फाचे काटे. वाळूची हलकी जमीन, वरती काही आडोसा नाही, वारा पडलेला आणि रात्री आभाळ निरभ्र, मग दिवसाची उष्णता सरळ वर निघून जाते आणि जमिनीलगत हवेपेक्षाही जास्त गारठा होतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर थंडीत पेपरात येतात ना, तेही असंच घडतं, फक्त इथे ते मैलभर पसरलेलं दिसतं.

आणि या पांढऱ्या माळावर पिवळीधमक फुलं! ती गॉर्सची, काटेरी झुडूप आहे, वर्षभर कुठे ना कुठे फुललेलं असतंच. इथे मोकळे फिरणारे पोनी, म्हणजे छोटे घोडे, थंडीत हेच खातात, एवढे काटे असून. त्यांना मिशा येतात त्या याच काट्यांपासून वाचायला असं इथले लोक सांगतात, खरंखोटं माहीत नाही पण मिशा मात्र असतात, त्या दिवशी तर त्यांच्यावर पण बर्फ होता :)

हे पोनी जंगली वाटले तरी एकूण एक मालकीचे आहेत. आपल्या गायरानासारखंच, ज्यांना चराईचा हक्क आहे ते 'कॉमनर्स' जनावरं इथे मोकळी सोडतात. चराईची फी भरली की अ‍ॅजिस्टर म्हणजे या जनावरांवर देखरेख ठेवणारा माणूस पोनीच्या शेपटीचे केस ठराविक पद्धतीने कापतो, म्हणजे पावती शेपटीलाच! मला हे जाम आवडलं. आणि हा माळ माळ म्हणून टिकलाय तो यांच्यामुळेच, चराई थांबली तर बर्च आणि पाइन उगवून काही वर्षात इथे सुद्धा झाडी होईल. म्हणूनच थंडीत मधूनमधून जुनं हीदर मुद्दाम जाळतातही, ते काळे पट्टे बघून वणवा लागला होता की काय असं वाटतं.

डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटासा पक्षी शोधत होतो, दिसला नाही. स्थलांतर करत नाही, थंडीतही याच गॉर्समधे किडे-कोळी खाऊन राहतो, आणि 1962-63 च्या भयंकर हिवाळ्यात अख्ख्या ब्रिटनमधे याच्या जेमतेम दहाएक जोड्या उरल्या होत्या म्हणे. आता परत बरे वाढलेत.

कुणी येणार असाल तर पोनींना खाऊ घालू नका, हातही लावू नका, 2023 पासून बंदी आहे आणि दंड होतो. दलदलीवर पातळ बर्फ जमलेला असतो, त्यावर पाय टाकायचा मोह आवरा, गुडघ्यापर्यंत आत जाल. आणि ब्यूली रोडला गाड्या फार कमी थांबतात, स्टेशनशेजारी पोनींच्या लिलावाचं आवार आहे, एरवी रिकामंच असतं, तेव्हा परतीची गाडी आधी बघून मगच निघा.