तुम्ही विचारलंत म्हणून : मोझिलाचं पटत नाही, तरी फायरफॉक्सच का?

मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरच्या मराठी भाषांतराला मी अधूनमधून हातभार लावते, आणि ओळखीत कुणाला ईमेल एकीकडून दुसरीकडे न्यायचा असला की ते काम माझ्याकडे येतं. त्यामुळे एकच प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. डाव्या विचारांची मैत्रीण विचारते, "प्रोटॉनच्या प्रमुखाने ट्रम्पच्या पक्षाची भलामण केली, आता मी टुटावर जाऊ का?" (या दोन्ही ईमेल सेवा.) उजव्या विचारांचे काका विचारतात, "मोझिलावाले उघडउघड एका बाजूचे. तू अजून त्यांचाच ब्राउझर कशी वापरतेस?" आणि 2025च्या ऑक्टोबरमध्ये अमित शाहांनी आपला ईमेल झोहो या भारतीय कंपनीकडे नेल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून झोहोबद्दलची विचारणा वाढली आहे. काहींना स्वदेशी म्हणून तिकडे जायचंय, तर काहींना तिचे संस्थापक श्रीधर वेंबूंची मतं खटकतात म्हणून जायचं नाही. सगळ्यांना मिळून एकदा सविस्तर सांगते.

माझी मतं लपवायचं कारण नाही. 24 मार्च 2014 रोजी ब्रेंडन आइक मोझिलाचे सीईओ झाले. जावास्क्रिप्ट ही वेबसाइटींमागची प्रोग्रॅमिंगची भाषा 1995 साली त्यांनीच रचली, मोझिलाच्या संस्थापकांतही ते होते. पण 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी आणणाऱ्या 'प्रपोझिशन 8'साठी त्यांनी 1000 डॉलर दिले होते. ते प्रकरण पुन्हा वर आलं. ओकेक्युपिड या डेटिंगच्या साइटने फायरफॉक्समधून येणाऱ्यांना 'दुसरा ब्राउझर वापरा' असं सांगायला सुरुवात केली आणि 3 एप्रिलला आइक यांनी राजीनामा दिला. त्या देणगीचं समर्थन मी करणार नाही. आपल्या प्रमुखाने आपल्याच संसाराच्या विरोधात पैसे घातलेत हे कळल्यावर तिथल्या माणसांनी आवाज उठवला, तो योग्यच होता. राजीनाम्यानंतर मात्र दुसरी बाजू खवळली, आणि फायरफॉक्स काढून टाका असं आता तिकडून सुरू झालं.

एकाच ब्राउझरवर, काही दिवसांच्या अंतराने, एकमेकांच्या विरोधी कारणांसाठी बहिष्कार! पण मला राहून राहून विचार पडतो तो हे सगळे गेले कुठे याचा. माझ्या ओळखीतले पहिल्या गटातले लोक सरळ क्रोमवर गेले. दुसऱ्या गटातल्यांना पुढे आइक यांचाच नवा ब्राउझर मिळाला, ब्रेव्ह. त्यांची ती कंपनी 2015 सालची. आता ब्रेव्हचं इंजिन, म्हणजे वेबपान वाचून स्क्रीनवर उभं करणारा आतला भाग, कुठलं? क्रोमियम, म्हणजे ज्याच्यावर क्रोम चालतो तेच, आणि त्याची सूत्रं गूगलच्या हातात. ऑपेरा 2013 साली त्याच इंजिनावर गेला, मायक्रोसॉफ्टचा एज 2020 साली. विवाल्डीही त्यावरच चालतो. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स आणि सफारी सोडले तर सहज मिळणारा जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आतून तोच आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट वेगवेगळ्या रस्त्यांनी निघाले आणि एकाच आवारात जाऊन पोचले.

याने काय बिघडतं, असं काका विचारतात. बिघडतं ते असं. एक्स्टेन्शन्सनी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांनी, काय करायचं आणि काय नाही, याचे नियम गूगलने बदलले. त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडलं. फायरफॉक्समध्ये ते आजही पूर्ण ताकदीने चालतं. जाहिरातींवर जगणारी कंपनी, तुमच्या स्क्रीनवरची जाहिरात तुम्ही किती अडवू शकता हे ठरवते! माझ्या लेखी हे कुठल्याही सीईओच्या ट्वीटपेक्षा मोठं राजकारण आहे, कारण त्याचा परिणाम तुम्ही कुणाला मत देता यावर अवलंबून नाही. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, गेको. ते टिकावं म्हणून मी तिथे आहे. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगललाच मुख्य सर्च ठेवण्याच्या करारातून येतं, हे मला ठाऊक आहे आणि खुपतंही. पण म्हणून वेगळं इंजिन बंद पडू द्यायचं, हे मला पटत नाही.

मोझिलाशी माझे मतभेद आहेतच. अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्यानंतर दोनच दिवसांनी, 8 जानेवारी 2021 रोजी, तेव्हाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी मोझिलाच्या वतीने एक निवेदन लिहिलं. समाजमाध्यमांवरची ट्रम्प यांची खाती नुसती बंद करून भागणार नाही, असा त्याचा सूर होता. राजकीय जाहिरातींचे पैसे कोण देतं ते उघड करा, कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारी यंत्रणा कशी चालते ते सांगा, या मागण्या मला शंभर टक्के मान्य. पण तथ्याला धरून बोलणाऱ्यांचा आवाज आपसूक मोठा करणारी साधनं चालू ठेवा, ही मागणी मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. तथ्य कुठलं हे कोण ठरवणार? आपल्याकडे तो अधिकार कुणाच्या हाती जाईल याची मी कल्पना करते आणि अस्वस्थ होते. त्या निवेदनावरून बऱ्याच जणांनी फायरफॉक्सबरोबर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅमही सोडला. आता थंडरबर्ड मोझिला फाउंडेशनच्या मालकीचा आहे खरा, पण 2020पासून त्याची वेगळी कंपनी आहे आणि तो वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. तिथल्या लोकांनी ते निवेदन लिहिलं नव्हतं. राग एकावर आणि फटका दुसऱ्याला, असं झालं.

ईमेलचं मात्र मी जरा थांबून सांगते, कारण गाडं इथेच अडतं. ब्राउझर बदलणं अर्ध्या तासाचं काम. बुकमार्क एका फाइलीत निघतात, पासवर्डही निघतात (ती फाइल साध्या मजकुराची असते, काम झालं की लगेच पुसा). ईमेलचा पत्ता बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखं. ज्यांचा पत्ता बदलायचा असेल त्यांना मी आधी वही घेऊन बसवते. बँक, डीमॅट, आयकर, पीएफ, विमा, महावितरण, गॅस, मुलांची शाळा, सोसायटीचं बिल. अलीकडेच शेजारच्या आजोबांची यादी करताना पान भरलं, उलटलं, तेही भरलं, आणि मग आजोबांना आठवलं की पेन्शनची कागदपत्रं एका अगदीच जुन्या पत्त्यावर येतात, जो त्यांनी कित्येक वर्षांत उघडलेला नाही. तो उघडायला मोबाइल नंबर लागतो, आणि तो नंबर कधीच बंद झालेला. एवढं सगळं कुणाच्या तरी ट्वीटवर चिडून करायचं?

म्हणून माझ्या मैत्रिणीला मी सांगितलं की प्रोटॉन सोडायचं तर सोड, पण जातेस तिथून उद्या निघायची सोय आहे का ते बघ. प्रोटॉन थंडरबर्डमध्ये उघडायला ब्रिज नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. टुटामध्ये आयमॅपच (दुसऱ्या प्रोग्रॅममधून मेल उघडायची ठरलेली पद्धत) नाही, म्हणजे थंडरबर्डमधून तो उघडताच येत नाही. मतं पटणाऱ्या कंपनीकडे जाताना तिची वाट आणखी अरुंद निघाली. तिने शेवटी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग, घेतलं. वर्षाला काहीशे ते हजारेक रुपयांत होतं. पत्ता आपला; टपाल कुठल्या कंपनीकडे उतरवायचं हे डोमेनच्या एका नोंदीत लिहायचं. उद्या कंपनी बदलली तरी ती नोंद बदलायची, बँकेला कळवायचीही गरज नाही. जुनी पत्रं थंडरबर्डमधून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली की झालं.

ही निघायची सोय का लागते, ते 2025च्या जुलैमध्ये दिसलं. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा मोठा वाटा आहे. त्यावरून मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याने काही गुन्हा नाही, पैसे भरलेले, आणि ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. वकील लावून न्यायालयात जाणं तुम्हाआम्हाला जमणार आहे का? जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने त्याच वर्षी 40,000हून जास्त सरकारी मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून काढून ओपन-एक्सचेंज या मेल प्रणालीवर आणि थंडरबर्डवर नेले. कारण हेच, की दाराची किल्ली परक्या हातात नको. त्यात कुणाच्या मतांवरचा राग नव्हता.

तर झोहोचं. जायचं असेल तर खुशाल जा, कंपनी जुनी आहे आणि काम नेटकं आहे. पण स्वतःचं डोमेन घेऊन जा, आणि तुम्ही घेताय त्या योजनेत आयमॅप आहे का ते आधी बघा. बऱ्याच कंपन्यांच्या फुकट योजनेत ते नसतं. 2020 साली 29 जूनला 59 चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा यूसी ब्राउझर रातोरात गेला. कितीतरी स्वस्त फोनवर तोच पहिला ब्राउझर होता. बंदीबद्दल तुमचं मत काहीही असो, ज्याचे बुकमार्क त्यात होते त्याला कुणी विचारलं नव्हतं. देशी कंपनीवरही कधीतरी सरकारची मर्जी असते, कधीतरी नसते.

आणि काकांचा प्रश्न उरला. मी फायरफॉक्स सोडेन, पण कधी? मोझिलाने त्यातली यूब्लॉकसारखी एक्स्टेन्शन्स बंद केली, किंवा गेको टाकून क्रोमियम घेतलं, तर त्याच दिवशी. तोवर त्यांच्या प्रमुखाने कुणाला मत द्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. त्यांनी ब्राउझरमधूनच मला कुणाचं ऐकायचं ते शिकवायला सुरुवात केली, तर मात्र काकांच्या आधी मी बाहेर पडेन.