नुसतं 'छान' पुरत नाही

इंटर्नशिपमध्ये आज सातवीच्या मुलांचे डिजिटल प्रकल्प पाहिले. एका मुलीने आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांवर स्लाइड्स केल्यात, स्वतःच्या आवाजात. लेणे क्रमांक ३ मधला गौतमी बलश्रीचा शिलालेख, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, त्यातलं तिच्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक, सगळं नीट सांगितलंय. आणि मध्येच विचारते, "आईने मुलाबद्दल लिहिलेलं सगळं खरं मानायचं का?" किती सुंदर प्रश्न! बी.एड.च्या वर्गातही असा ऐकला नाही. त्यावर 'छान' एवढाच शेरा द्यायला मन होईना. तिला लिहिलं, लेणे क्रमांक १० मध्ये गौतमीपुत्राचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. समोरची बाजू स्वतःबद्दल काय सांगते, तेही बघ. उरलेले प्रकल्प उद्या, तेवढ्याच सावकाश.