तीन रिपोर्ट निल, चौथा पॉझिटिव्ह

सकाळी वॉर्डमधून लॅबमध्ये डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, साठीच्या पुढचे पेशंट आहेत. किडनीसाठी उद्यापासून स्टिरॉइड सुरू करायचंय. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढून 1,600 आल्या म्हणून जंतांची तपासणी करून घेतली. शौचाचे तीन रिपोर्ट निल आहेत आणि रक्ताचा पॉझिटिव्ह. कशावर भरवसा ठेवू?"

"रक्तात कोणत्या जंताची अँटिबॉडी बघितलीय?"

"स्ट्राँगिलॉइडिस."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दुसऱ्या एखाद्या जंताचं नाव असतं, तर रक्ताच्या रिपोर्टवर मी फारशी थांबले नसते. गोल जंत, अंकुशकृमी, व्हिपवर्म यांच्या माद्या रोज हजारो अंडी घालतात. शौचाचे दोन-तीन नमुने नीट बघितले तर ती बहुधा सापडतात. रक्तातली अँटिबॉडी एवढंच सांगते, की या जंताशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती. तो आज आतड्यात आहे का, हे तिला सांगता येत नाही. शिवाय एका जंताविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याच्या चाचणीतही चिकटते. नुसत्या अशा रिपोर्टवर तीन-तीनदा औषध घेतलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. जंत कुणालाच कधी दिसला नव्हता, पण यांची झोप उडाली होती. त्यांची आठवण झाली की अजून वाईट वाटतं.

स्ट्राँगिलॉइडिसचं गणितच वेगळं. त्याची अंडी आतड्याच्या अस्तरातच फुटतात. शौचातून बाहेर पडतात त्या अळ्या, त्याही थोड्या आणि रोज नाहीत. एका नमुन्यात निम्म्याहून अधिक रुग्ण निसटू शकतात. काही अळ्या तर बाहेर न पडता त्याच शरीरात पुन्हा शिरतात, म्हणून हा जंत दशकानुदशकं टिकतो. इथे एलायझा, म्हणजे रक्तातली अँटिबॉडी शोधणारी ही चाचणी, बहुतेकांना पकडते. स्टिरॉइड दिलं आणि प्रतिकारशक्ती दबली, की अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसापर्यंत जातात, आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. तिथून माणूस वाचवणं फार अवघड.

पण फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताच्या, अँटिबॉडीनेही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मला अळी डोळ्यांनी बघायची होती.

"स्टिरॉइड दोन दिवस थांबवता येईल?"

"दोन दिवस चालेल."

"मग ताजा नमुना लगेच पाठवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, अळ्या जिवंत हव्यात."

अगार प्लेटच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीच्या, मध्यावर थोडा नमुना ठेवला आणि झाकण चारी बाजूंनी टेपने बंद केलं, कारण वाढलेली अळी कातडीतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेट खिडकीपाशी तिरकी धरली. नमुन्यापासून कडेकडे एक नागमोडी रेघ गेली होती. नीट बघितलं तर ती रेघ नव्हती, टाचणीच्या टोकाएवढ्या जिवाणूंच्या ठिपक्यांची माळ होती. अळी सरपटत गेली, अंगाला लागलेले जिवाणू वाटेवर सांडले आणि तिथे ते वाढले. अशा चार माळा मोजल्या. मायक्रोस्कोपखाली एका माळेच्या टोकाशी अळी वळवळताना दिसली. ती स्लाइडवर घेतली. तोंडाची नळी आखूड. अंकुशकृमीच्या अळीची ती लांब असते. शंका उरली नाही. माझा हात थरथरत होता.

मी लगेच फोन केला. "डॉक्टर, जंत आहे. आधी आयव्हरमेक्टिन द्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "मॅडम, तीन निल रिपोर्ट बघून मी काल स्टिरॉइड सुरूच करणार होतो."

त्या निल रिपोर्टांत कुणाची हयगय झाली असं मी म्हणणार नाही. अळी नसलेल्या स्लाइडवर ती कुणालाच दिसणार नाही. खटकलं ते इतकंच, की स्ट्राँगिलॉइडिसची शंका आहे हे फॉर्मवर कुणी लिहिलंच नव्हतं. लिहिलं असतं तर प्लेट पहिल्याच नमुन्याला लागली असती. आणि हेच काका आधीपासून स्टिरॉइडवर असते, तर एलायझा निगेटिव्ह आली तरी मी निर्धास्त झाले नसते. दबलेल्या शरीरात अँटिबॉडी पुरेशी बनेलच असं नाही.

सहा महिन्यांनी काका नवा रिपोर्ट घेऊन आले. इओसिनोफिल उतरले होते, शौचाची प्लेट कोरी होती. अँटिबॉडीचा आकडा निम्म्याखाली आला होता, तरी पुढे छापलं होतं, पॉझिटिव्ह. त्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे जंत अजून आहे?"

मी जुना रिपोर्ट काढून नव्याशेजारी ठेवला आणि दोन्ही आकड्यांखाली पेनने रेघ ओढली.

"काका, तो शब्द सोडा. हा आकडा बघा, आणि हा."