तुम्ही विचारलंत म्हणून: साइडबॉटम

इंग्रजी शिकवतो आणि क्रिकेटवर तासन्‌तास बोलतो, त्यामुळे हा प्रश्न मला कायम येतो: ‘सर, साइडबॉटम हे काय आडनाव झालं? बदलून का घेत नाहीत?’ इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे ढुंगण, त्यामुळे विचारणारा आधीच तोंड दाबून हसत असतो.

रायन साइडबॉटम आठवतो ना? कुरळ्या केसांचं टोपलं उडवत येणारा इंग्लंडचा डावखुरा जलदगती गोलंदाज. 2007 साली द्रविडच्या संघाविरुद्ध खेळला, 2008 मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. वडील आर्नीही कसोटीपटू, पण एकाच कसोटीचे. घराणं यॉर्कशायरचं, आणि उत्तर तिथल्या डोंगरांतच आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ, खोऱ्यातली सखल जमीन. ‘सीड’ म्हणजे ऐसपैस. रुंद खोऱ्यात राहणारे ते साइडबॉटम. यॉर्कशायर, लँकशायर, चेशायर या पट्ट्यात पेनाइन डोंगरांतून अशी खोरी जागोजागी आहेत, म्हणून ही आडनावंही तिथलीच. आपले डोंगरे तसे हे, नुसता पत्ता! रॅम्सबॉटम तर आजही इर्वेल नदीकाठी नांदतं गाव आहे; त्यातलं ‘रॅम्स’ म्हणजे बहुधा रानलसूण. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायचं खोरं. ‘बॉटम’चा हसू आणणारा अर्थ रुळला 18व्या शतकाच्या अखेरीस. तोवर या आडनावांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या.

पोरांची खरी विकेट पुढे पडते. उत्तरेत याच शब्दाचं दुसरं रूप होतं, त्यात ‘ट’च्या जागी ‘थ’. त्यातून आलं बोथम. हो, इयान बोथमच! 1980 साली वानखेडेवर 114 धावा ठोकून वर 13 बळी घेणारा. त्याच्या आडनावाला कोण हसलंय?

बदलायचं म्हणाल, तर साइडबॉथम असं लिहिणारी घराणी आहेतच. ते जास्त भारदस्त वाटतं हे खरं, पण खोरं तेच. चेन्नईला अण्णा सलाईवर हिगिनबॉथम्स हे 1844 पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे. त्या पाटीच्या शेपटालाही तोच बॉटम लटकलाय, आणि गिऱ्हाईकं निमूट पुस्तकं चाळत असतात.