तोंडपाठ तक्ता

दोन महिने झाले, तरी ती सकाळ डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढते आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे, पण त्यांचं नाव, वजनगट आणि साल यांतलं काही सांगणार नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमधले ते माजी विजेते आहेत. कमरेला किताबाचा पट्टा बांधलेला त्यांचा फोटो एके काळी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. आता वय ५६.

ते आले होते वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारं डोळ्यांचं प्रमाणपत्र घ्यायला. असे रोज पाच-सात जण येतात. नेत्रविभागात हे सगळ्यात हलकं काम समजतात आणि नवीन माणसावर ढकलतात. मला हे कधीच पटलेलं नाही. आजारी माणूस दुखतं ते सांगायला येतो, प्रमाणपत्राला आलेला माणूस मात्र लपवायला येऊ शकतो. त्याची तपासणी जास्त अवघड असते.

आमची ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी मुलगी, नोकरीला लागून दोनच वर्षं झाली आहेत, पण एक गोष्ट ती कधी चुकवत नाही. डोळा झाकायला ती पेशंटचा तळहात वापरू देत नाही. बोटांच्या फटीतून बघता येतं, आणि ‘आता दुसरा झाका’ म्हटल्यावर हात बदलून तोच डोळा पुन्हा झाकणारे महाभागही असतात. ती चाचणीची फ्रेम चढवते आणि काचेच्या जागी काळी चकती टाकते. तिने चकती उजव्या डोळ्यापुढे टाकली आणि डाव्याने वाचायला सांगितलं. त्यांनी एका दमात म्हटलं, “ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी. पी, ई, सी, एफ, डी.” कुठेही अडखळले नाहीत.

आमच्याकडे आता छापील तक्ता नाही, स्क्रीन आहे, आणि ती दर वेळी वेगळी अक्षरं दाखवते. ते म्हणाले त्या क्रमाने त्या क्षणी स्क्रीनवर एकही ओळ नव्हती. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली तक्ता काढला. पुढे भिंतीभिंतीवर लागलेला त्याचा जो छापील नमुना, तो ते जसाच्या तसा म्हणत होते. मुलीने त्यांना टोकलं नाही, हसलीही नाही. कागदावर ‘डावा : तक्ता तोंडपाठ’ असं लिहून त्यांना माझ्याकडे आणून बसवलं. बऱ्याच ज्येष्ठांना हे जमलं नसतं.

मी आधी खोलीतला दिवा मंद केला आणि टॉर्च घेतला. उजव्या डोळ्यावर प्रकाश टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. टॉर्च झटकन डाव्यावर नेला, तरी त्या आकसलेल्याच राहायला हव्यात. यांची डावी बाहुली मात्र प्रकाश पडल्यावर मोठी होऊ लागली. प्रकाश पोचतोय हे डोळा मेंदूला नीट कळवत नाही, म्हणजे नस गेलेली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. दहा सेकंदांची तपासणी आहे. तक्ता पाठ होतो, बाहुली कोणाचं ऐकत नाही.

मग स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक. बाहुलीच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या. ठोशाने तिथला स्नायू फाटल्याची ती खूण. मागे भिंगात पाकळ्या पसरलेल्या फुलासारखा मोतीबिंदू. वयाचा मोतीबिंदू सहसा असा दिसत नाही, ही पाकळी माराची. डोळ्यातलं प्रेशर २१पर्यंत ठीक धरतात. उजव्यात १६ होतं, डाव्यात ३८.

त्यानंतर मी गोनिओस्कोप लावला, म्हणजे आतल्या बाजूला आरसे असलेलं छोटं भिंग. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर झिरपतं तो कोपरा समोरून बघून कधीच दिसत नाही. बुबुळाची काच तिथून येणारा प्रकाश आतच परतवते. आरसा टेकवला की तो दिसतो. निरोगी डोळ्यात तिथे एकाखाली एक पट्ट्या असतात, आणि सगळ्यात खालची, स्नायूची करडी पट्टी अरुंद असते. यांच्या डाव्या डोळ्यात ती दुपटीहून रुंद होती, आणि जवळजवळ सगळीकडे. ठोसा बसतो तेव्हा डोळा पुढून मागे दबतो, आतलं पाणी कडेला धडकतं आणि तो स्नायू उभा चिरतो. जखम भरते, दुखणं थांबतं, माणूस विसरून जातो. पाण्याची वाट मात्र हळूहळू बंद होत जाते, आणि काचबिंदू कधी कधी दहा-वीस वर्षांनी उभा राहतो. मागे नस पाहिली तर पांढरीफटक, मधला खळगा पार काठाला टेकलेला. त्या डोळ्याला फक्त हात हलवलेला कळत होता. उजव्या डोळ्यातही चीर होती, पण घड्याळातल्या दोन तासांच्या अंतराएवढीच.

त्यांच्याबरोबर आलेल्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हळूच विचारलं, “डॉक्टर, डोक्याचं तर काही नाही ना? हे दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतात. त्या बाजूने मुलगा आला तरी दचकतात.” बॉक्सर म्हटलं की लोकांना मेंदूच आठवतो. तेही खरंच आहे, मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२८ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. पण डोळ्याबद्दल कोणी विचारत नाही. मी म्हटलं, “डोक्याचीही तपासणी करून घेऊ, पण हे डोळ्याचं आहे. आणि जुनं आहे.”

ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सरावात लागलं होतं. पार्टनरच्या जुन्या ग्लोव्हचा अंगठा शिवणीतून सुटलेला होता, तो सरळ आत गेला. किताबाच्या लढतीच्या दीड वर्ष आधी. तेव्हापासून डावीकडे धुकं.”

“मग लढलात कसे?”

ते स्टुलावरून उठले. माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत डावा पाय पुढे टाकला, डावी मूठ गालाला चिकटवली, हनुवटी खाली घेतली आणि चेहरा किंचित डावीकडे वळवला. उजवा डोळा समोर आला. ती ढब मी लगेच ओळखली. समालोचक तिचं केवढं कौतुक करायचे! म्हणायचे, समोरच्याला बुचकळ्यात टाकायला हा तिरका उभा राहतो. “समोरच्याचा उजवा हात मला दिसायचाच नाही,” ते म्हणाले. “मी त्याचा मागचा पाय बघायचो. टाच उचलली की उजवा आला. टाच खोटं बोलत नाही.”

मी विचारलं, लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत हे कसं सुटलं? ते माझ्याकडे बघत राहिले.

“डॉक्टर, तुम्हीच केली होती. सही तुमचीच आहे.”

सत्तावीस वर्षांपूर्वी मी निवासी डॉक्टर होते. वरिष्ठांनी एका दुपारी एका हॉलवर पाठवलं, बॉक्सरांचे डोळे तपासून दे म्हणून. दोन तासांत वीस-बावीस जण. हॉल आठवतो, माणसं आठवत नाहीत. भिंतीवर एकच तक्ता, समोर रांग. रांगेतला प्रत्येक जण मोठ्याने वाचणार आणि मागचे सगळे ऐकणार. यांचा नंबर तेरावा की चौदावा होता. “तोपर्यंत पाठच झाला,” ते म्हणाले. “कुठली ओळ ते तुम्ही बोटाने दाखवत होता. ती तेवढी उजव्या डोळ्याने बोटांच्या फटीतून बघितली.” बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे का, असंही मी विचारलं होतं म्हणे. संध्याकाळी सराव आहे, पाच-सहा तास अंधुक दिसेल, असं ते म्हणाले, आणि मी मान डोलावून पुढच्याला बोलावलं.

फॉर्मवर दोनच रकाने होते : उजवा, डावा. बाहुलीसाठी रकाना नव्हता, प्रेशरसाठी नव्हता, पडद्यासाठी नव्हता. ज्याने तो फॉर्म केला त्याला बॉक्सरचा डोळा बघायचा नव्हता, फाईल पूर्ण करायची होती. हे मी रागाने लिहिते आहे. पण टॉर्च माझ्या खिशात होता, हेही खरं आहे. त्या दिवशी बाहुलीने काही सांगितलं असतं का? नस तेव्हा शाबूत असेल तर नसतं सांगितलं. पण डोळा नीट झाकला असता तर धुकं कळलं असतं, आणि वर्षाला एकदा प्रेशर मोजलं गेलं असतं तर नस वाचायची शक्यता होती.

आणि ते माझे आभार मानत होते. मनापासून, दोन्ही हात जोडून. “तुम्ही सही केलीत म्हणून चार महिन्यांनी किताब मिळाला. घर त्यावरच उभं राहिलं.” मला काय बोलावं ते कळेना.

हे त्यांच्या एकट्याचं नाही. हॅरी ग्रेब १९२३ साली मिडलवेटचा जगज्जेता झाला तेव्हा त्याचा उजवा डोळा जवळपास गेलेला होता. जो फ्रेझरच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि तक्ता पाठ करून तो तपासणीतून सुटायचा. १९७५ मध्ये फिलिपिन्समध्ये अलीशी लढताना त्याचा उजवा डोळा सुजून मिटत गेला. दिसायला जवळजवळ काही उरलं नाही, तेव्हा चौदाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला उठू दिलं नाही. शुगर रे लेनर्डला १९८२ मध्ये डोळ्यापुढे ठिपके तरंगताना दिसले आणि त्याने ते सांगितलं. पडद्याचं ऑपरेशन झालं, आणि १९८७ मध्ये तो परत येऊन हॅगलरला हरवून गेला. पण लेनर्ड तोवर श्रीमंत होता, त्याला सांगणं परवडलं. किताब अजून मिळायचा आहे, घर भाड्याचं आहे, त्या मुलाने डॉक्टरला खरं सांगावं अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? खरं शोधणं माझं काम होतं.

प्रमाणपत्रावर मी जे दिसलं तेच लिहिलं. ते वाचून त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. थेंब सुरू केले. अशा चिरलेल्या कोपऱ्यावर लेसरचा फारसा उपयोग होत नाही, ऑपरेशनही इतर काचबिंदूंइतकं टिकत नाही. गेलेली नस तर परत येतच नाही. हे सगळं त्यांना आणि बाईंना दोनदा समजावून सांगितलं.

मागच्या आठवड्यात ते परत आले. डावं प्रेशर १८ होतं. यायच्या आधी ते ज्या मुलांना शिकवतात त्यांच्या ग्लोव्हच्या शिवणी तपासून आले होते, तीन जोड फेकून दिले म्हणाले. खुर्चीत बसल्यावर मुलगी फ्रेम आणायला वळली, तर त्यांनी तिला थांबवलं. तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला, बोटं घट्ट मिटली आणि स्क्रीनकडे तोंड केलं.

“काही नाही दिसत,” ते म्हणाले. “लिहा.”