मुखदुर्बळ मारिओ

आमच्या आजीचं मारिओबद्दलचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. पलंगावर बसून लसूण सोलत होती, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "हा मेला दिसेल ती कुत्र्याची छत्री खातोय. मरणार एक दिवस." आणि मारिओ तेवढ्यात मेला. आळंबी बाधून नव्हे, खड्ड्यात पडून. पण आजीला कारणाशी देणंघेणं नव्हतं. तिनं "बघ" अशा अर्थी मान हलवली आणि पुढची पाकळी घेतली.

कराडला मामाकडे मे महिन्याची सुट्टी, मामेभावाचा, म्हणजे दादाचा, व्हिडिओ गेम आणि आम्ही पाच पोरं. एक खेळणार, चार सल्ले देणार. ते यंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राची कुणीतरी केलेली नक्कल होतं, हे मला पुढं वीसएक वर्षांनी कळलं. कॅसेटवर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलेलं, आत मोजून सात-आठ. तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. सोबत ना पुस्तिका, ना गोष्ट. हा मिशीवाला कोण, कुठला, कशाला पळतोय, कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आम्हीच ठरवलं. दादाच्या मते तो गवंडी होता, कारण डोक्यानं विटा फोडायचा. किल्ल्याच्या शेवटी तो बुटका येऊन 'धन्यवाद मारिओ, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे' असं इंग्रजीत सांगायचा. दादानं आजीला त्याचं मराठी करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आधी निरोप धाडायला काय झालं होतं?" सात किल्ले हा निरोप ऐकूनही गवंडी एका शब्दानं बोलत नाही, याचं आम्हाला कौतुक वाटे. आमच्या मामासारखाच. मामा मुखदुर्बळ. पाहुण्यांनी कितीही वेळ ताटकळत ठेवलं तरी चहा पिऊन परत यायचा.

लाइट गेली की खेळ थांबायचा नाही. दादा तोंडानं आवाज काढायचा. उडीचा, नाण्याचा, पाइपात उतरण्याचा. आम्ही पडवीतल्या फरश्यांवरून उड्या मारायचो आणि चुकीच्या फरशीवर पाय पडला की दादा तोंडानंच मरणाचं संगीत वाजवायचा. लाइट आली तरी कधीकधी कुणी आत जायचं नाही.

हे सगळं आठवायचं कारण असं की मागच्या वर्षी पाय मुरगळून मी आठवडाभर घरी पडून होतो आणि युट्यूबनं मला अमेरिकेतली जुनी मारिओची कार्टून मालिका दाखवली. १९८९ची. एक भाग बघितला, आणि मग अपघातानंतर माणसं रस्त्यात थांबून बघत राहतात तसा बघतच राहिलो.

मारिओ बोलतो. बोलतो म्हणजे किती! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला प्लंबर, दर दोन वाक्यांमागे पास्ता, मीटबॉल आणि चीज. कार्टूनच्या आधी आणि नंतर खरी माणसं येतात. मारिओ म्हणून लू अल्बानो, मूळचा कुस्तीगीर आणि पुढं कुस्तीच्या धंद्यातला नावाजलेला मॅनेजर. त्याचा भाऊ लुईजी म्हणून डॅनी वेल्स. तळघरातलं दुकान, मागून ध्वनिमुद्रित हशा, आणि शेवटी अल्बानो पोट हलवत मारिओचा नाच करून दाखवतो. सोमवार ते गुरुवार मारिओ, असे एकूण बावन्न भाग. खलनायक कासवराजा कूपा एका भागात एका वेषात, दुसऱ्यात भलत्याच. कधी गोष्ट काउबॉयच्या मुलखात, कधी शेरवुडच्या जंगलातल्या त्या धनुर्धाऱ्यासारखी. मारिओची गोष्ट मात्र कुठंच नाही, कारण ती मुळात नव्हतीच.

खरं तर मारिओला तोंडच नव्हतं. १९८१ साली शिगेरु मियामोतोनं 'डाँकी काँग' या गेमसाठी त्याला पहिल्यांदा काढलं तेव्हा हातात जेमतेम सोळा ठिपक्यांची उंची होती. एवढ्यात ओठ कुठून आणणार? म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस हलताना दाखवता येईनात, म्हणून टोपी. हात अंगात मिसळून जायचे, म्हणून वेगळ्या रंगाचे गॅलिसवाले कपडे. त्या वेळी तो सुतार होता, त्याला मारिओ हे नावही नव्हतं. (दादाचा गवंडी फार लांब नव्हता म्हणायचा.) म्हणजे ज्या मिशीवर जगातली पोरं फिदा झाली, ती मिशी तोंड झाकायला आली होती. टीव्हीवाल्यांनी आठ वर्षांनी मिशी वर केली, खाली तोंड बसवलं आणि त्यात मीटबॉल कोंबले.

मग मी पायाला गरम पाण्याची पिशवी लावून मागं मागं गेलो. सगळ्यात मागं पॅकमॅन सापडला, आणि त्याची कथा तर उलटी. तो नुसता तोंडच होता. तोरू इवातानीनं १९८०मध्ये तो बनवला तेव्हा जपानीतला 'पाकू-पाकू' हा शब्द डोक्यात होता, म्हणजे आपलं मचामचा. आकार सुचला तो एक तुकडा काढलेल्या पिझ्झावरून आणि 'तोंड' या अर्थाच्या चौकोनी जपानी अक्षराचे कोपरे घासून. खायचं, बोलायचं नाही, एवढाच त्या तोंडाचा धर्म. १९८२च्या सप्टेंबरात हॅना-बार्बेरा कंपनीनं त्याला एबीसी वाहिनीवर आणलं. ही कंपनी आपल्याला चांगली माहीत आहे, कार्टून नेटवर्कवर आपण फ्लिंटस्टोन आणि स्कूबी-डू बघतच वाढलो. त्यांनी काय केलं, तर आपल्या माळ्यावरचा तयार संसार काढला आणि त्या पिवळ्या गोळ्याला मांडून दिला. पेपर नावाची बायको, एक बाळ, चॉम्प-चॉम्प नावाचा कुत्रा, एक मांजर. वर मेझमारॉन नावाचा खलनायक, आणि भुतं त्याच्याकडे नोकरीला.

मला राग आला तो भुतांसाठी. मूळ खेळात त्या चार भुतांना चेहरा म्हणजे दोन डोळे, बाकी सगळी एकसारखी. पण चाल प्रत्येकाची वेगळी. लाल ब्लिंकी सरळ मागं लागतो. गुलाबी पिंकी तुम्ही जिथं आहात तिथं येत नाही, चार घरं पुढची जागा धरून आडवी जाते. इंकीचा हिशोब ब्लिंकी कुठं आहे त्यावर. आणि नारिंगी क्लाइड लांबून मोठ्या तोऱ्यात येतो आणि जवळ पोचला की अवसान गळून आपल्या कोपऱ्याकडे वळतो. अशी माणसं आपल्या प्रत्येक हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला असतात. एक शब्द न बोलता चार स्वभाव! कार्टूनवाल्यांनी त्यांना टोप्या आणि कानातली घातली आणि टकळी सुरू करून दिली.

पॅकमॅन चालला म्हणताच बाकीचे धावले. सीबीएस वाहिनीनं १९८३मध्ये शनिवार सकाळच्या एकाच कार्यक्रमात चार-पाच गेम कोंबले. त्यात डाँकी काँग सर्कशीतून पळालेला गोरिला झाला. फ्रॉगर, म्हणजे रस्ता ओलांडणारा आणि पाण्यात पडला की मरणारा तो बेडूक (बेडूक! पाण्यात! पण ते असो), दलदलीतल्या वर्तमानपत्राचा वार्ताहर झाला. मी हे दोनदा मागं नेऊन बघितलं. बेडूक, टोपी, बातमीची धावपळ. बैठकीत कुणीतरी "तो सारखा रस्ता ओलांडतो, म्हणजे घाईत असणार, म्हणजे वार्ताहर" असं म्हटलं असेल का? मला त्या अनाम माणसाबद्दल खरोखर जिव्हाळा वाटला.

क्यूबर्टचं मात्र वाईट वाटलं. सोंडेसारख्या नाकाचा नारिंगी गोळा, ठोकळ्यांच्या डोंगरावर टुणटुण उडणारा. त्याच्या आर्केड यंत्रात, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रात, माणसासारखं बोलणारी चिप बसवली होती, पण तिच्याकडून धड इंग्रजी वदवेना. शेवटी ध्वनी कसेही एकामागोमाग सोडून दिले आणि क्यूबर्ट अगम्य बडबडू लागला. शत्रू आदळला की त्याच्या डोक्यावर फुगा यायचा आणि फुग्यात नुसती चिन्हं. शिवी आहे एवढं कळायचं; कोणती, ते ज्यानं त्यानं आपल्या घरच्या शब्दसंपत्तीतून भरायचं. कार्टूनमध्ये हा शिवराळ महात्मा स्वच्छ इंग्रजी बोलणारा, १९५०च्या दशकातल्या अमेरिकन शाळेतला गुणी पोरगा झाला.

सगळ्यात वर नेऊन ठेवावी अशी मालिका म्हणजे एनबीसी वाहिनीवरची 'कॅप्टन एन'. तीही १९८९ची. कॅलिफोर्नियातला एक पोरगा कुत्र्यासकट टीव्हीत ओढला जातो आणि कमरेला निन्टेन्डोचा कंट्रोलर लावून वेगवेगळ्या गेममधल्या वीरांबरोबर हिंडतो. कल्पना झकास. आम्हा पाचांना कराडात तेव्हा कुणी सांगितली असती तर आम्ही जेवण सोडलं असतं. पण वीर बघा. चाबूक घेऊन निमूट पिशाचांच्या वाड्यात शिरणारा सायमन बेलमाँट इथं आरशात स्वतःला बघत बसतो. पंखवाल्या पोराचं खरं नाव पिट; गेमचं नाव 'किड इकारस'. तर सगळे त्याला 'किड इकारस' म्हणूनच बोलावतात. म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्याला "अहो बुद्धिबळ, जरा इकडं या" म्हणावं तसं. आणि मेगामॅन! निळा, चटपटीत यंत्रपोर. निळा का, तर निन्टेन्डोच्या यंत्राच्या मोजक्या रंगांत निळ्याच्या छटा जास्त होत्या, म्हणजे ज्यात चेहरा खुलेल असा तोच रंग. इथं तो हिरवा, बुटका, घशात खडे घातल्यासारख्या आवाजाचा आणि दर शब्दाआधी 'मेगा' लावणारा. बिचाऱ्याची दैना आधीच सुरू झाली होती म्हणा. पहिल्या गेमच्या अमेरिकन खोक्यावर त्याच्या जागी पिस्तूल घेतलेला, पोट सांभाळत उभा असलेला कुणी काकाच छापला होता.

आणि लिंक. झेल्डाच्या गेममधला हा पोरगा गुहेत शिरतो, म्हातारा त्याला तलवार देतो, तो घेतो, निघतो. १९८६पासून त्याचं मौन चाललंय. मारिओच्या मालिकेत दर शुक्रवारी त्याचा भाग असायचा. तेरा भाग तो राजकन्येकडे पापा मागत फिरतो आणि ती झिडकारते तेव्हा तिला 'माफ करा हां, राजकन्याबाई' या चालीवर चिडवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आवाज बंद केला. आवाज बंद केल्यावर बरं चाललं होतं.

एक कबूल करतो. कानाला त्या मालिकांतली एक गोष्ट बरोबर लागते, ती म्हणजे मागचं संगीत. गेमचा संगीतकार कोजी कोंदो याच्या त्याच चाली आणि तेच उडीचे-नाण्यांचे आवाज मारिओत ठिकठिकाणी येतात. माणसं बोलायची थांबली आणि ते वाजलं की तेवढ्या चार सेकंदांत कराडची पडवी समोर उभी राहते. मग कुणीतरी पास्त्यावर बोलतं.

लिहिणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. हातात सोळा ठिपके आणि भरायची वीस मिनिटं. मीही कदाचित बायको-बाळ-कुत्रा हेच आणलं असतं. शिवाय आम्हीही भरतच होतो की! आम्ही गवंडी भरला, मामा भरला, आजीनं विषारी छत्र्या भरल्या. फरक एवढाच की आमचा माल घरचा होता आणि दुसऱ्या दिवशी बदलता यायचा. नाही आवडला गवंडी, तर पोस्टमन. त्यांचा माल गोदामातला, आणि एकदा टीव्हीवर लागला की तोच खरा.

पुढं निन्टेन्डोनं स्वतः मारिओला आवाज दिला तेव्हा फार हात आखडून दिला. 'सुपर मारिओ ६४', साल १९९६. चार्ल्स मार्टिने या नटाचा उंच, हसरा आवाज; सुरुवातीला 'मी मारिओ' एवढी ओळख, मग नुसते उद्गार. वाहू, याहू. सोनिक या दुसऱ्या गेमवीराचंही तेच. १९९१च्या गेममध्ये खेळणारा थांबला की तो हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी, आपल्याकडे बघून पाय आपटायचा, बस. यावरून स्वभाव न समजलेल्या माणसाला संवाद लिहून काय समजणार? पण १९९३मध्ये त्याच्या दोन मालिका एकाच हंगामात आल्या, दोन्हीकडे जालील व्हाइटचाच आवाज. एकीत तो चिली डॉग खाणारा टवाळ, दुसरीत जुलमी राजवटीविरुद्ध लढणारा भूमिगत क्रांतिकारक. दुसरी मला आवडली, हे इथं हळूच सांगतो.

आणि ज्या कार्टूननं गेमवर खरी मात केली, त्यातला नायक काय बोलतो? "पिका पिका." पोकेमॉनमधल्या पिकाचूला १९९७च्या मालिकेनं आपल्याच नावातले तीन-चार ध्वनी दिले, त्यावर राग, लोभ, रुसवा सगळं भागवलं. ते इतकं जमलं की १९९८मध्ये निघालेल्या पिवळ्या आवृत्तीत गेमनंच कार्टूनची नक्कल केली. पिकाचू पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत जायला नकार देऊन तुमच्या मागं मागं चालायचा आणि त्याच आवाजात बोलायचा. माझी मुलगी कार्टून नेटवर्कवर हिंदीतलं पोकेमॉन बघायची तेव्हा बाकी सगळे हिंदी, पिकाचू मात्र जपानहून आला तसाच.

पाय बरा व्हायच्या आदल्या दिवशी मी मारिओ मालिकेचा एक तुकडा दादाला पाठवला. तो आता पुण्यात असतो, बांधकामाची कंत्राटं घेतो. गवंड्यांशीच काम. तासाभरानं उत्तर आलं, "हा कोण? मारिओचा आवाज असा नव्हता."

मी विचारलं, "मग कसा होता?"

बराच वेळ नुसतं 'रेकॉर्डिंग' दिसत होतं. मग तीन सेकंदांचा निरोप आला. मागं काँक्रीट मिक्सरची घरघर, आणि पन्नाशीचा माणूस तोंडानं उडीचा आवाज काढत होता.